ब्लॅक सॅबथ: एका दिवसाचा अल्बम आणि पाच महिन्यांचा अल्बम

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ता नाशिकच्या एका तरुण मेटल बँडमध्ये गिटार वाजवतो आणि त्यांचा पहिला अल्बम लवकरच मुद्रित व्हायचा आहे. ब्रिटनच्या ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा पहिला अल्बम एका दिवसात झाला आणि आठव्याला कित्येक महिने लागले, तरीही लोक पहिलाच अधिक ऐकतात, असे त्याच्या वाचनात आले. हे असे का झाले, त्यात यंत्रांचा वाटा किती आणि वादकांचा किती, आणि या बँडच्या मुद्रणांतून आज स्टुडिओत जाणाऱ्याने काय घ्यावे, असे त्याने विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि त्यातला मोठा काळ रॉक व मेटल बँडबरोबर गेला आहे. हे अल्बम मी आवडीने ऐकले, तसेच कामाची गरज म्हणून हेडफोन लावून, एकेक वाद्य वेगळे धरूनही ऐकले आहेत. माझे उत्तर असे आहे की यंत्रांचा वाटा आहे, पण तो दुय्यम आहे. टेप फिरू लागण्याआधी गाणे किती मुरले होते, यावर त्या त्या अल्बमचा आवाज ठरला आहे.

सुरुवात बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागापासून करावी लागेल. टोनी आयोमी हा डावखुरा गिटारवादक सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. डावखुऱ्या वादकाचा उजवा हात तारा दाबण्याचा असतो, त्यामुळे वादन संपल्यातच जमा होते. त्याने भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि तारा कमी टोचाव्यात म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. टोपण घातलेल्या बोटाला तारेचा स्पर्श कळत नाही, त्यामुळे दाब कानाने जोखावा लागतो. आयोमीच्या वाजवण्यात जो संथपणा आणि प्रत्येक स्वर पूर्ण ठेवण्याची जी सवय दिसते, तिचे मूळ मला या अपघातात दिसते.

आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑस्बोर्न हे चौघे १९६८मध्ये एकत्र आले आणि १९६९मध्ये त्यांनी ब्लॅक सॅबथ हे नाव घेतले. त्याच वर्षी त्यांनी हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये मुक्काम ठोकून दिवसातून अनेक खेपा वाजवले. एका खेपेला पाऊण तास आणि पुन्हा थोड्या वेळाने पुढची खेप, असे चालू असताना हाताशी असलेली चार-सहा गाणी संपतात. मग तीच गाणी लांबवावी लागतात, मधले तुकडे वाढवावे लागतात आणि कोण कुठे थांबणार हे डोळ्यांनी सांगावे लागते. आपल्याकडे कीर्तनात किंवा तमाशात वाढलेल्या वादकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी हे चौघे लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत शिरले, तेव्हा ही गाणी त्यांच्या हातात बसलेली होती.

निर्माता रॉजर बेन आणि ध्वनिमुद्रक टॉम ॲलम यांच्याजवळ चार ट्रॅकचे यंत्र होते आणि बँडच्या वाट्याला सुमारे बारा तास आले होते. चार ट्रॅक म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगायला हवे, कारण आता साध्या लॅपटॉपवरही शंभर ट्रॅक उघडता येतात. तेव्हा टेपवर आवाज वेगवेगळे ठेवायला फक्त चार जागा होत्या. ड्रमवरचे सगळे माइक टेपवर जाण्याआधीच एकत्र करावे लागत, आणि एकदा एकत्र केलेला आवाज पुन्हा सुटा करता येत नसे. बास किती ठेवायचा, झांजा किती दबवायच्या हे तिथल्या तिथे आणि कायमचे ठरे. चौघे एकाच वेळी वाजवत असल्यामुळे गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये आणि ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये झिरपत असे. या झिरपण्याला पुढच्या काळात दोष मानून ते घालवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. पण त्या अल्बममध्ये चार माणसे एका खोलीत उभी आहेत असे जे जाणवते, ते याच झिरपण्यामुळे जाणवते. अर्थात, झिरपणे सुरेख वाटायचे असेल तर कोणाचीही चूक होऊन चालत नाही, कारण एकाची चूक सगळ्या माइकांत पोचते. मुरलेल्या गाण्यांनाच ही पद्धत पेलते.

त्या दिवशीची एक गोष्ट अनेकदा सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. आयोमी फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेऊन आला होता. ‘विकेड वर्ल्ड’ हे गाणे मुद्रित झाल्यावर तिचा पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, बिघडला. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून त्याने जवळ असलेली दुसरी गिटार, गिब्सन एसजी, हातात घेतली आणि उरलेली गाणी तिच्यावर वाजवली. पुढे जन्मभर त्याची ओळख एसजीशी जोडली गेली. बारा तासांच्या मुद्रणात गिटार बदलूनही वादकाचा तोल गेला नाही, यावरून त्याची तयारी कळते.

पहिल्या गाण्याची सुरुवात पाऊस, गडगडाट आणि चर्चच्या घंटेने होते. हे आवाज नंतर जोडलेले आहेत. मग येणारा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, तीन स्वरांचा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम किती गोड लागतो हे आपल्याला माहीत आहे, पण तिथे त्याला गंधार आणि पंचमाची सोबत असते. इथे पंचम दाखवलेलाच नाही, त्यामुळे स्वर कुठे टेकत नाही आणि आयोमी त्याच स्वरावर बोट थरथरवत राहतो. लोक या रिफला सैतानी म्हणतात. मला त्यातला संयम अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तीन स्वर वाजवून गप्प राहण्याचे धैर्य रंगमंचावर शेकडो वेळा वाजवल्यावरच येते. हेडफोन लावून ऐकल्यास दोन रिफच्या मधल्या शांततेत बिल वॉर्ड ड्रमवर काय करतो आहे ते नीट लक्ष देऊन ऐकावे. तो जॅझ ऐकत वाढलेला वादक आहे, त्यामुळे तो केवळ ताल मोजत बसत नाही, गिटारने सोडलेल्या जागेला उत्तर देतो.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९७० रोजी व्हर्टिगो या कंपनीने हा अल्बम प्रकाशित केला आणि तो ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. चार महिन्यांनी, जून १९७०मध्ये, दुसऱ्या अल्बमसाठी बँड रीजंट साउंड आणि आयलंड स्टुडिओत होता. निर्माता पुन्हा रॉजर बेनच होता. ‘वॉर पिग्ज’ हे गाणे त्याआधी स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या एका क्लबात वाजवता वाजवता घडले होते, आणि अल्बमचे नावही तेच ठरले होते. ‘पॅरानॉइड’ मात्र अल्बममध्ये तीन-चार मिनिटांची जागा भरायची होती म्हणून अगदी शेवटी झाले. बाकीचे जेवायला गेलेले असताना आयोमीने रिफ काढला आणि थोड्याच वेळात गाणे उभे राहिले. पुढे अल्बमचे नाव तेच झाले, पण मुखपृष्ठावरचा तलवार आणि ढाल घेतलेला माणूस जुन्या नावासाठी काढलेला होता, तो तसाच राहिला. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

येथे कोणी म्हणेल की ‘पॅरानॉइड’ तर मुळीच मुरलेले नव्हते. आक्षेप रास्त आहे. पण गाणे नवे असले तरी ते वाजवणारे चौघे एकमेकांत पुरते मुरलेले होते. आयोमीने रिफ दाखवताच बटलरला कुठे सोबत जायचे आणि वॉर्डला कुठे जोर द्यायचा हे विचारावे लागले नाही. नवे गाणे स्टुडिओत पहिल्यांदा वाजवण्याची ऐपत अशा बँडला असते. इतरांनी त्याची नक्कल करू नये, असे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो.

तिसरा अल्बम, ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’, फेब्रुवारी ते एप्रिल १९७१मध्ये आयलंड स्टुडिओत झाला. एका दिवसावरून आता महिन्यांवर गाडी आली होती, पण हा वाढलेला वेळ कारणी लागला. आयोमीने बोटांचा त्रास कमी व्हावा म्हणून काही गाण्यांसाठी गिटारच्या तारा तीन सेमिटोन उतरवल्या. हार्मोनियमच्या पट्टीत सांगायचे तर जाड तार पांढरी तीनवरून काळी एकवर आली. बटलरनेही बास तितकाच उतरवला. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ आणि ‘इन्टु द व्हॉइड’ या पट्टीतली आहेत. उतरवलेली तार सैल होते, आणि सैल तार छेडली की पहिल्या क्षणी स्वर किंचित चढा लागून मग खाली बसतो. हे बसणे कानाला वजनासारखे वाटते. नंतरच्या पन्नास वर्षांतल्या संथ मेटलचा बहुतेक संसार या एका शोधावर उभा आहे.

‘स्वीट लीफ’च्या प्रारंभी जो खोकला ऐकू येतो, तो आयोमीचा आहे. ऑझीने दिलेल्या गांजाच्या सिगारेटचा ठसका लागला, तेव्हा टेप चालू होती. तो तुकडा कापून पुन्हा पुन्हा वाजेल असा जोडला गेला. खोकल्याची लय नीट ऐकल्यास तिच्या पोटातून गिटारचा रिफ कसा सुरू होतो ते कळते. चांगला ध्वनिमुद्रक अपघाताकडे कसे पाहतो, याचा याहून चांगला नमुना मला दाखवता येणार नाही. रॉजर बेनचा हा बँडबरोबरचा शेवटचा अल्बम ठरला आणि माझ्या मते त्याच्या जाण्याची किंमत पुढे मोजावी लागली. बेन फार हस्तक्षेप करणारा निर्माता नव्हता, पण पहिल्या अल्बममधल्या ‘वॉर्निंग’वरचे आयोमीचे लांबलेले वादन कापण्याचा निर्णय त्याने घेतला होता. असे निर्णय घेणारा बँडबाहेरचा माणूस खोलीत असणे मोलाचे असते.

‘व्हॉल्यूम फोर’ १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत झाला. बँड बेल एअरमधल्या एका आलिशान बंगल्यात राहत होता, निर्मितीचे श्रेय बँडने आणि व्यवस्थापक पॅट्रिक मीहनने घेतले होते, आणि कोकेन इतके होते की अल्बमच्या वेष्टनावर त्याचे आडून आभारही मानले गेले. अल्बमला ‘स्नोब्लाइंड’ हे कोकेनकडे बोट दाखवणारे नाव द्यायचे होते, ते कंपनीने नाकारले. गाणी आता बंगल्यात आणि स्टुडिओत बनत होती. ‘सुपरनॉट’सारख्या गाण्यात जुना जोर पुरेपूर आहे. ‘एफएक्स’ हा तुकडा मात्र गिटारच्या तारांवर आपटणाऱ्या गळ्यातल्या क्रॉसच्या आवाजावर प्रतिध्वनी चढवून केलेला आहे, आणि तो अल्बममध्ये ठेवू नका असे सांगायला कोणी नव्हते. बंगल्यात पियानो होता म्हणून आयोमी तो शिकला आणि त्यातून ‘चेंजेस’ झाले. ते गाणे मला आवडते, पण ते चौघांचे वाटत नाही.

पुढच्या वर्षी त्याच शहरात, त्याच पद्धतीने काम करायला गेल्यावर आयोमीला एकही रिफ सुचेना. मग बँड इंग्लंडला परतला आणि ग्लॉस्टरशरमधल्या क्लिअरवेल या जुन्या किल्ल्यात जाऊन राहिला. तिथल्या तळघरात चौघांनी वाद्ये मांडली आणि ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’चा रिफ निघाला. मुद्रण लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत झाले आणि अल्बम डिसेंबर १९७३मध्ये आला. याच इमारतीत येस हा बँड काम करत होता. त्यांच्या रिक वेकमनने ‘सॅब्रा कॅडॅब्रा’मध्ये कीबोर्ड वाजवला आणि मोबदल्यात बिअर घेतली. या अल्बममधली गाणी क्लबांत वाजवून मुरलेली नव्हती, तरी हा अल्बम माझ्या लेखी त्यांच्या पहिल्या तीन अल्बमांच्या बरोबरीचा आहे. मुरण्यासाठी श्रोते लागतातच असे नाही, चौघांनी एका खोलीत, टेप बंद ठेवून घालवलेले दिवस लागतात, हे मी क्लिअरवेलवरून शिकलो.

‘सॅबोटाज’ १९७५च्या आरंभी मॉर्गनमध्येच मुद्रित झाला. जुन्या व्यवस्थापकाशी खटले चालू होते आणि कायद्याची कागदपत्रे थेट स्टुडिओत येऊन पडत. शेवटच्या गाण्याचे नावच ‘द रिट’, म्हणजे न्यायालयाचा हुकूम, असे आहे आणि त्यातला ऑझीचा संताप अभिनय केलेला वाटत नाही. दुसऱ्या बाजूला ‘सुपरझार’साठी इंग्लिश चेंबर क्वायर हा गायनवृंद बोलावलेला होता. आता आवाजांच्या थरावर थर चढवणे सुरू झाले होते, आणि या अल्बममध्ये ते पेलले आहे, कारण प्रत्येक थराखाली ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’च्या रिफसारखा पक्का पाया आहे.

नंतरचे दोन अल्बम मी लवकर आवरतो. ‘टेक्निकल एक्स्टसी’ १९७६मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत झाला. शेजारच्या खोलीत ईगल्स हा बँड काम करत होता आणि सॅबथचा आवाज भिंतीतून येत असल्यामुळे त्यांना मुद्रण थांबवावे लागे. आवाजाची ताकद इतकी असूनही अल्बम फिका आहे, यावरून ताकद डेसिबलमध्ये मोजता येत नाही एवढे सिद्ध होते. ‘नेव्हर से डाय’ जानेवारी ते मे १९७८मध्ये टोरंटोत झाला. ऑझी मध्येच बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी आलेल्या गायकाबरोबर काही गाणी बांधली गेली होती, आणि परत आल्यावर ऑझीने ती गायला नकार दिला. मग कडाक्याच्या थंडीत दिवसा एका चित्रपटगृहात गाणी रचायची आणि त्याच रात्री ती मुद्रित करायची, असा क्रम चालला. स्टुडिओची खोली इतकी मृत, म्हणजे आवाज शोषून घेणारी, होती की आवाजाला थोडी धार यावी म्हणून त्यांनी जमिनीवरचा गालिचा उखडला. गालिचा उखडल्याने खोली जिवंत होते, गाणे होत नाही. सकाळी रचलेले गाणे रात्री वाजवताना वादक पुढचा बदल आठवत असतो, त्यामुळे त्याचे कान शेजाऱ्याकडे नसतात, आणि हे त्या अल्बममध्ये सतत ऐकू येते.

हा प्रकार मी माझ्या स्टुडिओतही पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एक बँड पाच दिवस आरक्षित करून आला. त्यांची सहा गाणी तयार होती आणि दोन ‘इथेच करू’ म्हणून ठेवली होती. सहा गाण्यांना दोन दिवस लागले, दोन गाण्यांना उरलेले तीन. तिसऱ्या दिवशी ड्रमवादकाने मला विचारले, “दादा, आधीचा टेक चांगला होता की हा?” टेक म्हणजे गाणे एकदा वाजवून केलेले मुद्रण. मला सांगता आले नाही, कारण दोन्ही टेकमध्ये तो गाणे वाजवत नव्हता, शोधत होता. अल्बममधून ती दोन गाणी शेवटी वगळली गेली. म्हणून नाशिकच्या मित्राला माझे स्पष्ट सांगणे आहे की स्टुडिओचा एक दिवस कमी घ्यावा आणि ते पैसे तालमीच्या खोलीवर खर्च करावेत. ज्या गाण्यात बास आणि ड्रम गिटारशिवाय वाजवले तरी गाणे ओळखू येते, ते गाणे मुद्रणाला तयार झाले असे समजावे. ड्रम, बास आणि गिटार एकत्र मुद्रित करावे, गिटारचा अ‍ॅम्प हवा तर शेजारच्या खोलीत ठेवावा, पण वादकांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. गायकाचा आवाज नंतर मुद्रित केला तरी चालेल. आणि गाण्यातला कोणता भाग कापायचा हे सांगण्याचा अधिकार बँडबाहेरच्या एका माणसाला आधीच देऊन ठेवावा.

ऑझीला १९७९मध्ये काढल्यानंतरची मोठी कहाणी मी येथे पूर्ण सांगत नाही, पण तिच्यातले दोन टप्पे या प्रश्नाशी निगडित आहेत. नवा गायक रॉनी जेम्स डिओ आल्यावर १९८०मध्ये ‘हेवन अँड हेल’ आला आणि त्यासाठी मार्टिन बर्च हा निर्माता घेतला होता. रॉजर बेननंतर अल्बमची निर्मिती पूर्णपणे बँडबाहेरच्या माणसाच्या हाती प्रथमच गेली होती, आणि अल्बमची बांधणी लगेच घट्ट झाली. उलट १९८३च्या ‘बॉर्न अगेन’मध्ये इयन गिलनसारखा गायक असूनही मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे अंतिम मिश्रण, इतका गढूळ आहे की चांगली गाणी चिखलात रुतल्यासारखी वाटतात.

दुसरा टप्पा २०१३चा. निर्माता रिक रूबिनने ‘थर्टीन’ हा अल्बम करायला घेतला तेव्हा त्याने आयोमी, बटलर आणि ऑझी यांना बसवून त्यांचाच पहिला अल्बम ऐकवला आणि पुन्हा असे एकत्र वाजवा असे सांगितले. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, जे ‘पॅरानॉइड’नंतर त्रेचाळीस वर्षांनी घडले. मला त्यातले रिफ आवडतात, पण ड्रमवर बिल वॉर्ड नाही, ब्रॅड विल्क आहे. विल्क नेटका आणि ताकदीचा वादक आहे, पण रिफच्या मधल्या जागेला उत्तर देणारा तो जुना झोका तिथे नाही. पहिला अल्बम ऐकवून वादकांची दिशा ठरवता येते, हॅम्बुर्गच्या खेपा पुन्हा घडवता येत नाहीत.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले, वॉर्डसह. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला. त्या संध्याकाळी चौघांनी चार गाणी वाजवली: ‘वॉर पिग्ज’, ‘एन.आय.बी.’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरानॉइड’. चारही गाणी पहिल्या दोन अल्बमांतली आहेत, चार ट्रॅकच्या यंत्रापुढे उभे राहण्याआधीची, किंवा त्यानंतर दुसऱ्या अल्बमपर्यंतच्या आठ महिन्यांतली.